घोट्याएवढं पाणी

सदा, भांडण अर्धवट टाकून निघून जायची ही कुठली रीत? शनिवारी दुपारी डबा खाताना आपण पुन्हा त्याच विषयावर आलो होतो. मी म्हणालो, "एक घर सोडलं असतंस तर काय आभाळ कोसळणार होतं?" तू लोणच्याची फोड चोखत म्हणालास, "सोमवारी सांगतो. आत्ता गप जेव." आणि सोमवारी तुझी खुर्ची रिकामी. रविवारी सकाळी दाढी करता करता छातीत कळ आली आणि अर्ध्या तोंडाला साबण तसाच असताना तू खाली बसलास, तो उठलाच नाहीस, असं सुमनवहिनींनी सांगितलं. मी ढसाढसा रडलो. पण रडतानाही मला तुझा राग येत होता, कारण माझं उत्तर तू तुझ्याबरोबर घेऊन गेला होतास.

ऑफिसात शोकसभा झाली. कर्तव्यदक्ष, शिस्तप्रिय, मनमिळाऊ, असं सगळं बोलून झालं. मनमिळाऊ! गटाराचा उतार उलटा काढला म्हणून ठेकेदाराला भर रस्त्यात "पाणी काय तुझ्या बापाचं ऐकतंय व्हय रं?" असं विचारणारा तू, आणि मनमिळाऊ! त्यात तुझा फोटो तिरका टांगला होता. कुणाच्या लक्षातही आलं नाही. भाषणं संपेपर्यंत मी त्या फोटोच्या खालच्या कडेकडेच बघत होतो, आणि माझी खात्री आहे, तूही तिथून तेच बघत असणार. सगळे गेल्यावर मी खुर्चीवर चढून तो सरळ केला.

आपलं काम लोकांना कधी नीट कळलंच नाही. महापालिकेचा सर्व्हेअर म्हणजे टेप घेऊन येणारा आणि कुणाचं तरी कुंपण पाडणारा, एवढीच आपली ओळख. रस्त्याला उतार किती द्यायचा, पाणी कुठल्या बाजूला पळेल, कुणाचा ओटा गटारावर आलाय, हे बघत आपण दोघं सांगलीच्या गल्लीबोळांतून जन्मभर हिंडलो. तू यंत्राला डोळा लावणार आणि मी समोर आकड्यांची लांब पट्टी धरून उभा राहणार. म्हणजे तू मला निम्मं आयुष्य एका डोळ्यानंच बघितलंस. आणि सुरुवातीचं ते जुनं यंत्र आठवतंय? त्यातून सगळं उलटं दिसायचं. तू ओरडायचास, "इल्या, खाली डोकं वर पाय असलास की जरा बरा दिसतोस गड्या!" येणारी-जाणारी माणसं थांबून हसायची. विलास हे माझं नाव ऑफिसात कुणाला आठवतही नाही, ते तुझ्या या ओरडण्यामुळंच.

मी दहिवडीकडचा, म्हणजे माणदेशी. त्यावरून तू मला किती छळलंस. "तुमच्यात पाणी मोजायला वाटी लागती, आमच्यात शिडी." कृष्णा पात्राबाहेर आली की पुराची पातळी मोजायचं काम आपल्याकडे यायचं आणि तू साऱ्या ऑफिसला सांगत सुटायचास, "ह्या बाबाला जरा पाणी दाखवून आणतो." एका उन्हाळ्यात तू माझ्या गावी आलास. आमची विहीर तेव्हा ठणठणीत कोरडी होती. तू काठावर पालथा पडून आत डोकावलास आणि एकदम ओरडलास, "आरं, तुमच्या हिरीला बी रेघा हायत की!" दगडी बांधणीवर जुन्या पाण्याच्या पांढुरक्या रेघा होत्या, एकाखाली एक. मी त्या विहिरीत पोहायला शिकलो, पण त्या रेघा मला कधी दिसल्या नव्हत्या. आबा, माझे वडील, हातातली गवताची पेंढी खाली ठेवून म्हणाले, "पावनं, हितं पाणी दिसंना आन तुमी रेघा कसल्या बघताय?" तू अंगावरची माती न झटकताच म्हणालास, "आवं आबा, पाणी गेलं तरी सांगून जातंय, कुठवर आलतं ते." आबांना ते इतकं आवडलं की पुढं मी गावी गेलो की ते आधी तुझी चौकशी करायचे आणि मग माझी. मी त्यांचा मुलगा, पण हिरीकडं बघणारा माणूस त्यांच्या लेखी तूच.

पूर ओसरला की आपली धावपळ सुरू व्हायची. पाणी उतरल्या उतरल्या माणसं घर धुवायला घेतात. नळी, खराटा, ब्लिचिंग पावडर. आणि पाण्यानं भिंतीवर सोडलेली खूण घटकाभरात नाहीशी होते. ती नाहीशी व्हायच्या आत आपल्याला गाठायची असायची. म्हणून आपण गुडघ्याएवढ्या चिखलातून "भिंती धुऊ नका हो, भिंती धुऊ नका!" असं ओरडत गल्लीत शिरायचो. किती शिव्या खाल्ल्या! एक बाई खराटा उगारून तुझ्या अंगावर आली होती. "आमचं समदं घर चिखलात गेलं आन तुमाला डाग पायजे व्हय?" तू चिखलात उभा राहून तिला हात जोडलेस. "व्हय आक्का, डागच पायजे. पुढच्या टायमाला तुमाला कवा उठवायचं, ते ह्यो डागच सांगनार हाय." तिनं खराटा खाली केला, पण तोंड काही बंद केलं नाही. तू ते सगळं ऐकून घेतलंस आणि शांतपणे यंत्रातून डागाच्या उंचीचं वाचन घेतलंस.

मला हे काम येतंय असं मी पहिल्या पुरात छाती फुगवून सांगत होतो. एका जुन्या मातीच्या भिंतीवर मी झक्क खूण केली आणि तुला बोलावलं. तू बघितलंस आणि माझ्या टाळक्यात पेन्सिल मारलीस. मी ओल मोजली होती. मातीची भिंत पाणी वर ओढून घेते, त्यामुळं ओलीचा डाग पाण्याच्याही वर चढतो. खरी पातळी त्याच्या खाली असते, भुस्सा-काडीकचऱ्याची बारीक रेघ. बाहेरच्या भिंतीवर लाटा लागतात, म्हणून तीही बघायची नाही. घराच्या आत जायचं, जिथं पाणी निवांत उभं राहिलं असेल तिथं. दाराच्या मागं, फडताळात, देवांच्या तसबिरीखाली. "ओल लय फुगवून सांगती गड्या. कचरा खरं बोलतो," असं तू म्हणाला होतास. तेव्हापासून मी कुणाच्याही घरात गेलो की आधी दाराच्या मागं बघतो. बायको म्हणते, हे काय चोरासारखं.

पण तुझी जी गोष्ट मला सगळ्यांत आवडायची, तिच्यावरूनच मी तुझी सर्वांत जास्त टिंगल केली. वाचन झालं की तू घरधन्याकडं फडकं मागायचास. ते बादलीत बुडवून, पिळून, आपल्या हातानं त्या डागावरून एकदा फिरवायचास आणि मग म्हणायचास, "आता पुसा." प्रत्येक घरात. उशीर व्हायचा, पाय भिजून पांढरे पडलेले असायचे, मी ओरडायचो, "आरं, तू सर्व्हेअर हायस का धुणंभांड्याची बाई?" तू म्हणायचास, "आपुन थांबा म्हणून सांगितलंय न्हवं? मग सोडवायचं बी आपुनच." हे कुठल्या नियमात नव्हतं, कुठल्या साहेबानं सांगितलं नव्हतं. पण ज्यांनी आपल्याला दारात शिव्या दिल्या, तीच माणसं तू फडकं फिरवलंस की चहा विचारायची. मी फार माणसं बघितली सदा, पण दुसऱ्याला खोळंबून ठेवल्याची एवढी बोच असलेला सरकारी माणूस मी दुसरा बघितला नाही.

आणि एकाच घरात तू फडकं फिरवलं नाहीस. तुझ्या सख्ख्या बहिणीच्या.

मालनआक्काचं घर ओढ्याकडच्या गल्लीच्या वरच्या टोकाकडं. त्या मोठ्या पुरात गल्ली बुडाली, पण तिच्या घरात शिरलं ते घोट्याएवढं पाणी. पुढचं घर कोरडं. तू आदल्या दिवशीच तिला फोन केला होतास, "आक्का, मी आल्याबिगर भिंत पुसू नगंस." बिचारीनं तुझ्यासाठी चिखल तसाच ठेवला होता. आपण गेलो तेव्हा ती दारात उभी होती. प्रकाश, तिचा मुलगा, फौजेतून सुटीवर आला होता. त्याचं लग्न ठरत होतं आणि वर एक मजला चढवायचा नकाशाही तयार होता. पुराची हद्द दाखवणारी निळी रेषा आपण काढत नाही, ती वरून येते. पण आपण जिथवर पाणी लिहू, तिथवर ती येणार आणि तिच्या आत नव्या बांधकामाला परवानगी मिळत नाही, हे आक्काला पक्कं ठाऊक होतं.

"सदा, घोट्याएवढं तर पाणी," ती म्हणाली. "सुपलीनं काढून टाकलं मी. त्याला काय पूर म्हनायचा व्हय? खालच्या घरापतूर लिव्ह आन थांब."

मीही तेच म्हणालो. खालचं घर लिही, रेषा तिथं थांबेल. कुणी विचारायला येणार नाही. सदा, मी आजही तेच म्हणतो.

तू आत गेलास. स्वयंपाकघराच्या दारामागं गुडघे टेकून बसलास आणि अगदी खाली, फरशीजवळ पेन्सिलनं बारीक रेघ मारलीस, तिच्याखाली बाण काढलास. मला म्हणालास, "पट्टी धर." मी धरली नाही. तू दुसऱ्यांदा म्हणालास, "इल्या, पट्टी धर." तुझा तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, पुढंही ऐकला नाही. मी धरली. तू बाहेर जाऊन यंत्रातून वाचलंस, लिहिलंस, परत आलास आणि सवयीनं म्हणालास, "आक्का, फडकं दे."

ती म्हणाली, "चालता हो. ह्या उंबऱ्यात परत पाऊल टाकू नगंस."

प्रकाश मध्ये पडायला बघत होता. तू त्याला हातानंच थांबवलंस, पेन्सिल खिशाला लावलीस आणि बाहेर पडलास. त्या दिवशी उरलेल्या घरांत तू नेहमीसारखाच फडकं मागत होतास. मी तुझ्याशी संध्याकाळपर्यंत बोललो नाही.

मजला झाला नाही. प्रकाशनं लग्नानंतर मिरजेला भाड्यानं घर घेतलं, आणि आक्का त्या घरात एकटी राहिली. ही किंमत खरी होती, सदा. ती तू मोजली नव्हतीस असं मी म्हणत नाही. सुमनवहिनी भाऊबीजेला ताट करून ठेवायच्या आणि तू तेवढ्या दिवसापुरतं काहीतरी काम काढून ऑफिसात येऊन बसायचास. त्या दिवशी ऑफिस बंद असायचं, हे वहिनींना माहीत होतं आणि मलाही.

मी तुला किती वेळा विचारलं. तू दर वेळी एक तुकडा द्यायचास. एकदा म्हणालास, "पाण्यानं त्या घराची वाट बघून ठेवलीया रं. एकदा वाट कळली की ते इसरत न्हाई." मी म्हणालो, "आणि परत आलंच नाही तर?" तू म्हणालास, "न्हाई आलं तर लय बरं की." एकदा म्हणालास, "खालच्या घरातल्या बाईला मी काय सांगू? तिचं लिवलं आन भैनीचं सोडलं?" एकदा तर नुसतंच म्हणालास, "आक्का आतल्या खोलीत खाली जमिनीवर झोपती." प्रत्येक तुकडा खरा होता. पण ते सगळे जोडून माझं समाधान होत नव्हतं, आणि मला वाटतं तुझंही होत नव्हतं. नाहीतर तू सोमवारचा वायदा केला नसतास.

पाणी त्या घरापर्यंत पुन्हा आलेलं नाही. म्हणजे तू बरोबर होतास असंही कुणाला म्हणता येत नाही. तुझा आकडा बरोबर होता, एवढंच म्हणता येतं. मला वाटतं, तुझ्या जागी मी असतो तर खालच्या घरापाशी थांबलो असतो, चांगला भाऊ ठरलो असतो, आणि दर पावसाळ्यात मला झोप लागली नसती. तू ते केलं नाहीस. गुडघे टेकलेस आणि लिहिलंस. ते मला त्या दिवशी दुष्टपणाचं वाटलं होतं. आता वाटतं, एवढा धीर मी दुसऱ्या कुणात बघितला नाही.

तू गेलास त्या दिवशी आक्का आली. बायकांनी तिला वाट करून दिली. ती तुझ्या उशाशी बसली, रडली नाही. वहिनींनी तुझं तोंड पुसलं होतं, पण कानामागं थोडा साबण वाळून राहिला होता. आमच्या कुणाच्या नजरेला तो पडला नाही. आक्कानं पदराचं टोक तांब्यातल्या पाण्यात बुडवलं आणि तो साबण हळूहळू पुसून काढला. मग उठून कुणाशी न बोलता निघून गेली. तेराव्यालाही आली नाही. मला वाटलं, संपलं.

परवा प्रकाशचा फोन आला. "काका, आईनं तुम्हाला बोलावलंय." मी जाताना मनात उत्तरं जुळवत होतो. तिनं तुला बोल लावला तर तुझी बाजू घ्यायची की तिची, ते माझं ठरत नव्हतं. दोन्ही बाजू मला पाठ होत्या.

घराला नवा रंग दिला होता. फिकट पिवळा. आक्कानं पाणी दिलं आणि सरळ स्वयंपाकघरात नेलं. दार पुढं ओढलं. म्हणाली, "बघा."

मला वाकावं लागलं. मग गुडघे टेकावे लागले, अगदी तू टेकले होतेस तिथंच. सगळ्या भिंतीला पिवळा रंग, आणि दारामागं फरशीजवळ हातभर जागा तशीच सोडलेली. जुना चुना, त्यावर काडीकचऱ्याची वाळलेली रेघ, तिला लागून तुझी पेन्सिलची रेघ आणि खाली तुझा तो बाण.

"रंगाऱ्यानं किती डाव विचारलं, मावशी, एवढंच का सोडायचं," आक्का म्हणाली. "तेनं मला फोन करून सांगितलं हुतं न्हवं, मी आल्याबिगर पुसू नगंस. मोजून गेला. पर आता पूस म्हणून सांगाय आलाच न्हाई."

"तुम्हीच उंबरा चढू नको म्हणाला होता, आक्का."

"आवं, रागात मानूस काय बी बोलतंय. त्यो शब्द धरून बसला. दर पावसाळ्यात, पाणी चढाय लागलं की गाडी घिऊन कोपऱ्यावर उभा राहायचा. त्या खिडकीतनं दिसायचा मला. भिजत उभा. पाणी उतराय लागलं की जायचा. मी चहा टाकायची, वाटायचं आज येतोय. मग गार चहा वतून द्यायची."

हे तू मला कधी सांगितलं नाहीस. पावसात "जरा घाटाकडं जाऊन येतो" म्हणायचास, ते हे होतं तर. आणि मी तुला म्हणायचो, पाणी बघायची हौस अजून फिटली नाही का रं तुझी?

आक्कानं फडकं आणलं. ओलं करून, पिळून माझ्या हातात दिलं. "तुमी त्येच्यासंगं पट्टी धरत हुता. आता तुमीच सांगा."

मी ते हातात घेतलं. भिंतीकडं हात नेला, पण तुझ्या त्या बाणावरून मला फडकं फिरवता येईना. नुसतं तोंडानं म्हणालो, "आता पुसा, आक्का." तुझ्यासारखं म्हणायला गेलो आणि आवाज फाटला.

"न्हाई जमलं," ती म्हणाली. "त्येच्यावानी न्हाई जमलं तुमाला." हसली, आणि मग तुझ्या घरी जे रडायचं राहिलं होतं ते तिथं ओट्याला धरून रडली. मी फडकं दाराच्या कडीला अडकवलं. ते तिथंच आहे. रेघही तिथंच आहे. प्रकाश म्हणाला, राहू दे काका, आईला काही घाई नाही.

निघताना आक्का दारापर्यंत आली. मी चप्पल घालत असताना म्हणाली, "इलासभाऊ, आता पाणी चढलं की कोपऱ्यावर कोन येनार?"

सदा, वाद मी हरलो असं समजू नकोस. एक घर सोडता आलं असतं, हे मी वर आल्यावर तुला पुन्हा ऐकवणार आहे आणि तुझं सोमवारचं उत्तर वसूल करणार आहे. पण तोवर पावसाळ्यात कोपऱ्यावर मी जाईन. ज्याच्या गावात वाटीभर पाण्याची मारामार, तो माणदेशी गडी तुझ्या बहिणीसाठी कृष्णेचं पाणी बघत उभा राहील. फक्त तुझ्यासारखा कोपऱ्यावर भिजत राहणार नाही. पाणी कुठवर आलंय ते बघणार, उंबरा ओलांडून आत जाणार, दाराच्या मागं एकदा वाकणार, आणि आक्कानं टाकलेला चहा गरम असतानाच पिणार.